अर्ध्या मिलिमीटरचा नामनिर्णय

मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या ज्या गणात मोडतात, त्या हायमेनॉप्टेरा म्हणजे पातळ पडद्यासारखे पंख असणाऱ्या कीटकांच्या गणात असे हजारो जातींचे बारीक कीटक आहेत, की जे माणसाला कधी डंख मारत नाहीत, पोळे बांधत नाहीत आणि बहुतेकांच्या नजरेस आयुष्यभर पडतही नाहीत. त्यांची मादी दुसऱ्या एखाद्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोशात आपले अंडे घालते. त्या अंड्यातून निघालेली अळी आपल्या आश्रयदात्याला आतून खात वाढते आणि तिची वाढ पुरी होईपर्यंत तो आश्रयदाता मेलेला असतो. ऊ किंवा जंत हे खरे परजीवी होत, कारण ज्याच्या जिवावर जगायचे त्याला मारून टाकणे त्यांना परवडत नाही. उलट वाघ किंवा कोळी हा शिकारी होय, कारण त्याला पोट भरण्यासाठी एकामागून एक अनेक जीव मारावे लागतात. ह्या दोहोंच्या मध्ये बसणाऱ्या, एकाच आश्रयदात्यावर वाढून शेवटी त्याचा जीव घेणाऱ्या कीटकांसाठी फिनलंडचा कीटकशास्त्रज्ञ ओडो रॉयटर ह्याने १९१३ साली ‘पॅरासिटॉइड’ हा शब्द योजला. मराठी कृषिसाहित्यात त्यांना परोपजीवी कीटक म्हणतात आणि ह्या लेखात तो शब्द ह्याच मर्यादित अर्थाने वापरला आहे.

ह्या कीटकांचा इतिहास हा मुख्यतः त्यांच्या नामकरणाचा इतिहास आहे. शरीर इतके लहान, की प्रत्येक काळाने आपल्या हातातल्या भिंगाला जेवढे दिसले तेवढ्यावरच त्यांना नावे दिली. मोठ्या प्राण्याचे चुकलेले नाव संग्रहालयाच्या कपाटात निमूट पडून राहू शकते, परंतु ह्या कीटकांचे चुकलेले नाव थेट शेतापर्यंत पोहोचले, हे ह्या इतिहासाचे वेगळेपण होय. उसाच्या, कापसाच्या आणि संत्र्या-लिंबांच्या पिकांत कोणता कीटक सोडायचा हे ज्या नावावरून ठरते, ते नाव बरोबर असण्यासाठी काही माणसांनी उभे आयुष्य सूक्ष्मदर्शकापाशी घालवले. त्या कामाची दखल शेतीच्या इतिहासात फारच अपुरी घेतली गेली आहे.

आरंभीची चूक नावाची नव्हती, तर जे दिसले त्याचा अर्थ लावण्याची होती. बोलोन्याचा उलिस्से आल्द्रोवांदी ह्याचा कीटकांवरील ग्रंथ १६०२ साली प्रसिद्ध झाला. कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळीभोवती पिवळ्या रेशमी कोशांचा पुंजका असतो हे त्याने पाहिले होते, पण ते कोश म्हणजे त्या अळीचीच अंडी होत असे त्याने मानले. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यावर मिडलबर्ग येथील चित्रकार योहानेस खूडार्ट ह्याने अळ्या पाळून त्यांची स्थित्यंतरे रंगवली, तेव्हा एकाच प्रकारच्या अळीतून कधी फुलपाखरू निघते तर कधी बारीक माश्यांचा थवा निघतो, हे पाहून तो चकित झाला आणि दोन्ही तिचीच स्वाभाविक संतती असावी असे त्याला वाटले. मराठी वाचकाला ही चूक अनोळखी वाटू नये. कुंभारीण मातीच्या घरट्यात अळी कोंडते आणि काही दिवसांनी त्यातून कुंभारीणच बाहेर पडते, ह्या निरीक्षणावर आपल्याकडे भृंगी-कीटक न्याय उभा राहिला, आणि ध्यासाने कीटक भृंगीच होतो हा दृष्टान्त भागवताच्या अकराव्या स्कंधातून एकनाथांच्या टीकेपर्यंत आला. कुंभारीण अळीला बधिर करून आपल्या पिल्लासाठी साठवते, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती परोपजीवी ठरत नाही. परंतु निरीक्षण अचूक आणि मधला दुवा मात्र डोळ्यांआड, अशी स्थिती बोलोन्यात आणि पैठणात सारखीच होती. अळीत अंडे घालणारी मादी आणि त्या अळीतून निघणारी माशी ह्यांची जोड इटलीच्या आंतोनिओ व्हॅलिस्निएरी ह्याने अठराव्या शतकाच्या आरंभी नीट लावली.

कार्ल लिनीयस ह्याने १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दुहेरी नावे दिली, तेव्हा बहुतेक परोपजीवी माश्या ‘इक्न्यूमॉन’ ह्या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, जमा झाल्या. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ माग काढणारा, आणि मुंगसालाही तोच शब्द लावला जात असे. त्या गटाच्या अखेरीस लिनीयसने बारक्यांचा एक स्वतंत्र पोटविभाग केला होता. लहानपणा हेच तिथे वर्गीकरणाचे लक्षण झाले होते, आणि त्या काळच्या भिंगातून त्याहून अधिक काही दिसणेही अवघड होते.

ह्या बारक्यांच्या विभागातून आज कॅल्सिडॉइडिया ह्या नावाने ओळखले जाणारे अधिकुल, म्हणजे अनेक कुलांचा समूह, वेगळे झाले. ग्रीक भाषेत तांब्याला ‘खाल्कोस’ म्हणतात. ह्यातील पुष्कळ जातींच्या अंगावर तांब्या-पितळेची किंवा मोरपिशी झळाळी असते, त्यामुळे हे नाव शोभते. नामकरणाच्या दृष्टीने १८३३ हे वर्ष विलक्षण ठरले. आयर्लंडच्या अलेक्झांडर हेन्री हॅलिडे ह्याने त्या वर्षी मायमारिडी हे कुल स्थापले, ज्यातील कीटकांचे पंख पिसासारखे अरुंद आणि कडेने लांब केसांची झालर असलेले असतात. फ्रान्सिस वॉकरने इंग्लंडमधील कॅल्सिड माश्यांवरील आपली लेखमाला सुरू केली. आणि जॉन ओबादाया वेस्टवुड, जो पुढे ऑक्सफर्डला कीटकशास्त्राचा पहिला होप प्राध्यापक झाला, त्याने अर्धा मिलिमीटर लांबीच्या एका माशीला ‘ट्रायकोग्रामा इव्हॅनेसेन्स’ असे नाव दिले. ट्रायकोग्रामा म्हणजे केसांची रेघ. तिच्या पंखावरील सूक्ष्म केस इतस्ततः विखुरलेले नसून ओळींनी मांडलेले असतात, हे वेस्टवुडला दिसले होते. तेवढ्या भिंगातून तेवढे दिसणे ही मोठीच गोष्ट होती, हे मान्य करूनही एक नोंदवायला हवे, की पंखावरच्या ज्या केसांवरून प्रजातीची ओळख पटली, त्यांवरून तिच्यातील जाती मात्र पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे ओळखता आल्या नाहीत.

वॉकरने पुढे सर्व प्रकारच्या कीटकांच्या मिळून हजारो जातींना नावे दिली. त्याची वर्णने अनेकदा रंग आणि आकार एवढ्यावरच थांबत, त्यामुळे एकाच जातीला अनेक नावे पडली, आणि तो गुंता सोडवण्यासाठी विसाव्या शतकातील अभ्यासकांना त्याचे मूळ नमुने एकेक करून पुन्हा तपासावे लागले. आखेनचा शाळामास्तर आर्नोल्ड फॉर्स्टर ह्याने १८५६ साली आणि अमेरिकेतील विल्यम अॅशमीड ह्याने १९०४ साली कुलांची मांडणी अधिक शिस्तीत बसवली. मात्र त्या काळची एक साधी अडचण कोणालाच टाळता आली नाही. माशी कागदाच्या तुकड्यावर चिकटवून वाळवायची अशी तेव्हाची पद्धत होती, आणि ट्रायकोग्रामासारखा मऊ अंगाचा कीटक वाळला की आक्रसून चुरगळतो. रंग बदलतो, पोट आत ओढले जाते, आणि जे शिल्लक राहते त्यावरून जात ठरवणे म्हणजे सुकून गेलेल्या पाकळीवरून फूल ओळखण्यासारखे असते.

काचपट्टीवर पारदर्शक द्रवात कीटक बसवण्याची पद्धत रुळली, तेव्हा ही अडचण काहीशी कमी झाली. त्या पद्धतीने अफाट काम करणारा माणूस म्हणून अलेक्झांडर आर्सेन जिरॉ ह्याचे नाव घ्यावे लागते. १८८४ साली अमेरिकेत जन्मलेला जिरॉ १९११ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडला उसाच्या किडींच्या कामासाठी गेला आणि १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने तीन हजारांहून अधिक जातींची वर्णने केली. नोकरीत वरिष्ठांशी पटले नाही, नियतकालिकांनी लेख घेतले नाहीत, तेव्हा त्याने स्वतःच्या खर्चाने पत्रके छापून त्यांत नव्या जातींची वर्णने दिली आणि त्यांच्या शेजारी समाजावरची टीका व कविताही छापल्या. शेक्सपियर, गटे, मोझार्ट, बेथोव्हेन ह्यांची नावे त्याने ह्या धुळीएवढ्या कीटकांना दिली. ती थट्टा नव्हती. ज्या जिवाकडे कोणी ढुंकून पाहत नाही त्याला आपल्या दृष्टीने सर्वांत थोर असलेले नाव द्यावे, अशी त्याची निष्ठा त्यातून दिसते. १९१२ साली त्याने क्वीन्सलंडमधील एका जातीला ‘ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम’ हे नाव दिले, आणि तेच नाव पुढे हजारो मैलांवर, भारतातील उसाच्या शेतात, भलत्याच माशीला चिकटले.

हे कसे घडले ते समजण्यासाठी ह्या माशीचे जीवन जवळून पाहावे लागते. ट्रायकोग्रामाची मादी पतंगाच्या अंड्यावर चढते आणि टोकाशी फुगीर असलेल्या मिशांनी त्याचा पृष्ठभाग वाजवून पाहत त्यावरून चालते. ह्या पहिल्या फेरीला किती वेळ लागला त्यावरून ती अंड्याच्या आकाराचा अंदाज घेते आणि त्या मानाने आत किती अंडी घालायची हे ठरवते, असे १९८० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. मग ती पोटाखालची सुईसारखी अंडनलिका अंड्याच्या कवचातून आत घालते. एखाद्या अंड्यात आधी दुसरी मादी येऊन गेली असेल तर ते तिला कळते. केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट ह्याने १९३० च्या दशकात दाखवले, की आधीच्या मादीच्या पावलांचा वास त्या अंड्यावर राहतो, आणि अंडे पाण्याने धुतले तर ही बाहेरची खूण पुसली जाते. तरीही अंडनलिका आत गेल्यावर तिला सत्य उमगते. आतील अळी तीन-चार दिवसांत वाढते, तेव्हा पतंगाचे मूळचे फिकट अंडे काळे पडते, आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत कवचाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते.

सॉल्टने आणखी एक गोष्ट पाहिली, जिने नामकरण करणाऱ्यांच्या पायाखालची जमीनच सरकायला हवी होती. ट्रायकोग्रामाच्या सेम्ब्लिडिस ह्या जातीचे नर पाण्याकाठी राहणाऱ्या सायालिस नावाच्या कीटकाच्या अंड्यात वाढले तर बिनपंखी निघतात, आणि तेच पतंगाच्या अंड्यात वाढले तर त्यांना पूर्ण पंख येतात. एकाच मादीची मुले, पण वाढले ते घर निराळे म्हणून शरीर निराळे! रंगही तापमानानुसार फिकट-गडद होतो आणि आकार अन्नाच्या पुरवठ्यावर ठरतो. म्हणजे वॉकरच्या काळापासून ज्या रंगावर, आकारावर आणि पंखांवर जाती ठरत आल्या होत्या, ती लक्षणे ह्या कीटकांच्या बाबतीत आश्रयदात्याची होती, जातीची नव्हती.

त्याच सुमारास हा कीटक शेतीच्या कामास जुंपला गेला होता. कॅलिफोर्नियात स्टॅन्ले फ्लँडर्स ह्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस साठवणीच्या धान्यावरील पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामाची मोठ्या प्रमाणात पैदास करण्याची रीत बसवली. पुढील दशकात म्हैसूर संस्थानात उसाच्या खोडकिडीविरुद्ध असे प्रयोग झाले. पण सोडलेली माशी कोणती? अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक ट्रायकोग्रामाला ‘मिन्यूटम’ म्हटले जाई, युरोपात ‘इव्हॅनेसेन्स’. एका ठिकाणी प्रयोग यशस्वी होई, दुसऱ्या ठिकाणी तीच समजली जाणारी माशी पिकात टिकत नसे, आणि दोन्ही नोंदी एकाच नावाखाली छापल्या जात, त्यामुळे यशाचे किंवा अपयशाचे कारण शोधण्याचा मार्गच बंद झाला होता.

ही कोंडी बेंगळुरूत फुटली. कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूट ऑफ बायॉलॉजिकल कंट्रोल ह्या संस्थेचे भारतीय केंद्र तिथे १९५७ पासून काम करत होते, आणि तेथील सुधा नागरकट्टी व एच. नागराज ह्या दोघांनी १९६८ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असे दाखवले, की ट्रायकोग्रामाच्या जातींची खात्रीची खूण पंखात किंवा रंगात नसून नराच्या जननांगाच्या रचनेत असते. माशी दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवून तिच्यातील मांसल भाग विरघळवायचा, उरलेले पारदर्शक कवच काचपट्टीवर पाठीकडची बाजू वर करून बसवायचे, आणि पोटाच्या टोकाशी असलेले जननांग उच्च क्षमतेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, असे हे काम होते. त्या अवयवाच्या पाठीकडे एक पडद्यासारखा फुगवटा असतो; तो त्रिकोणी आहे की गोलसर, त्याच्या बाजू किती पुढे आल्या आहेत आणि त्याचे टोक कुठवर पोहोचते, ह्यावरून जात ठरते, मग ती माशी कोणत्याही अंड्यात वाढलेली असो.

केवळ आकारावर न थांबता संकर करून पाहण्याची पद्धतही बेंगळुरूत वापरली गेली, आणि ती ह्या गणाच्या एका विशेषामुळे फार सुबक ठरते. हायमेनॉप्टेरात फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो. त्यामुळे एका वाणाची मादी आणि दुसऱ्या वाणाचा नर एकत्र ठेवले आणि संततीत माद्या निघाल्या, तर मीलन सफल झाले असे समजायचे. केवळ नरच निघाले, तर त्या दोन जाती एकमेकींना परक्या असण्याची शक्यता बळावते. उपकरण म्हणाल तर एक काचनळी, काही अंडी आणि मोजण्याची चिकाटी. मात्र काही वाणांत नर जवळजवळ नसतातच, आणि नराच्या जननांगावर आधारलेली पद्धत त्यांच्यापुढे थबकते. १९९० मध्ये रिचर्ड स्टाउटहॅमर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा माद्यांना प्रतिजैविक दिले, तेव्हा त्यांच्या संततीत पुन्हा नर दिसू लागले. नरांचा अभाव हा जातीचा गुण नसून माशीच्या पेशींत राहणाऱ्या जीवाणूंचा परिणाम होता.

भारतातील उसावरच्या माशीला ह्या काळात ‘ऑस्ट्रॅलिकम’ म्हटले जात होते, आणि बेंगळुरूच्या निबंधांतही आधी तेच नाव होते. नेपल्सजवळच्या पोर्तिची येथील जेन्नारो व्हिज्जानी ह्याने १९७६ साली ही माशी जिरॉच्या ऑस्ट्रॅलिकमहून वेगळी असल्याचे दाखवून तिला नवे नाव दिले, ‘कन्फ्यूझम’, म्हणजे घोटाळ्यात पडलेली. नागरकट्टी आणि नागराज ह्यांनी ती दुरुस्ती स्वीकारली, पण शोध तिथेच थांबवला नाही. जपानमध्ये इशी ह्याने १९४१ साली वर्णन केलेली ‘ट्रायकोग्रामा चिलोनिस’ आणि ही माशी एकच आहे, असे त्यांनी १९७९ मध्ये मांडले. नामकरणाच्या नियमांत जुने नाव श्रेष्ठ असते, म्हणून चिलोनिस राहिले आणि कन्फ्यूझम गळाले. आपलीच चूक छापील दुरुस्त करून त्यापुढे एक पाऊल टाकण्याचा हा प्रसंग भारतीय कीटकशास्त्रात ठळकपणे सांगितला जायला हवा.

चुकीच्या नावाची किंमत इतरत्रही मोजली गेली. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा लाल खवले किडीने ग्रासल्या असताना आशियात त्या किडीवर अॅफायटिस प्रजातीच्या पिवळ्या माश्या आढळत. पण त्या कॅलिफोर्नियात आधीच असलेल्या जातीच्याच आहेत असे समजून त्यांना आणण्याचा विचार अनेक दशके झाला नाही. बारकाईने पाहिल्यावर त्या वेगळ्या निघाल्या, आणि भारत-पाकिस्तानातून १९५६-५७ मध्ये नेलेल्या माश्यांना पॉल डीबॅक ह्याने १९५९ साली अॅफायटिस मेलिनस हे नाव दिले. तीच तेथील सर्वांत उपयुक्त जात ठरली. उलट उदाहरण भारतातले आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तामिळनाडूत दिसला, त्यावर जगणाऱ्या असेरोफॅगस पपाये ह्या माशीचे वर्णन २००३ मध्येच झालेले होते, म्हणून २०१० मध्ये ती नावानिशी पोर्तो रिकोहून मागवता आली आणि पपईच्या बागा वाचल्या. ह्या शास्त्राचा भारतातील पाया एम. एस. मणी, बी. आर. सुब्बा राव, अलीगढचे मोहम्मद हयात आणि कालिकतचे टी. सी. नरेंद्रन ह्यांनी घातला. कॅल्सिड माश्यांच्या बावीस हजारांहून अधिक जाती आज नोंदल्या गेल्या आहेत, आणि मांडणी अजूनही हलते आहे. टेरोमॅलिडी हे अवाढव्य कुल २०२२ साली दोन डझनांच्या आसपास कुलांत विभागले गेले.

महाराष्ट्रातील ऊस-बागायतदार हा सारा इतिहास ‘ट्रायकोकार्ड’ ह्या एका शब्दाने ओळखतो. भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर कोर्सिरा हा धान्यातील पतंग पाळतात, त्याची अंडी चाळून स्वच्छ करतात, अतिनील किरणांखाली धरून त्यांतील गर्भ मारतात आणि डिंक लावलेल्या जाड कागदावर भुरभुरतात. मग त्या कागदावर ट्रायकोग्रामाच्या माद्या सोडल्या, की काही दिवसांत खसखशीसारखी पांढुरकी अंडी काळी पडतात. एका कार्डावर अशी साधारण १८ ते २० हजार अंडी असतात. कार्डाच्या पट्ट्या कापून, माश्या निघण्याच्या आदल्या दिवशी, उसाच्या पानांच्या खालच्या बाजूला टाचतात, म्हणजे ऊन-पावसाचा मारा बसत नाही. मुंग्यांनी पट्टी गाठली तर सारे श्रम वाया जातात, आणि शेजारच्या सरीत कीटकनाशक फवारले गेले तरीही तेच. उसावर वापरल्या जाणाऱ्या ह्या कार्डांवरच्या जातीचे नाव आता चिलोनिस असते. चिलोनिस म्हणजे ‘चिलोची’. चिलो हे पतंगांच्या ज्या प्रजातीचे शास्त्रीय नाव आहे, त्याच प्रजातीतील एका पतंगाची अळी महाराष्ट्राच्या शेतात खोडकीड म्हणून ओळखली जाते.